राजा भला होता, पण साखळी तुटली नाही!

पुस्तकांच्या दुकानात 'यशस्वी कसे व्हावे' शिकवणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत गेली काही वर्षे एका रोमन सम्राटाचे पुस्तक मानाने बसलेले दिसते. मार्कस ऑरेलियस हे त्याचे नाव. 'मेडिटेशन्स' या नावाने जगभर खपणारे त्याचे चिंतन उद्योगपती वाचतात, खेळाडू वाचतात, अधिकारी वाचतात. आमच्या वस्त्यांमधली स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेही मोबाईलवर त्याची सुभाषिते एकमेकांना पाठवतात. राग आवरा, मन शांत ठेवा, जे आपल्या हातात नाही त्याची चिंता करू नका, असा त्याचा एकूण सूर. वाईट काही नाही. पण ज्या माणसाला अठराशे वर्षांहून अधिक काळ 'आदर्श राजा' म्हणून मिरवले गेले, त्याच्या राज्यात तळाच्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणाचाही गौरव मान्य करायचा नाही, अशी सवय आम्हाला लागलेली आहे. ती सवय चांगली आहे. म्हणून आज या राजाचा हिशेब मांडू.

मार्कसचा जन्म २६ एप्रिल इ.स. १२१ रोजी रोममध्ये झाला. घराणे मूळचे स्पेनमधले, श्रीमंत आणि सिनेटमध्ये वजन असलेले. सम्राट हेड्रियनने इ.स. १३८ मध्ये अँटोनायनस याला दत्तक घेतले आणि अट घातली की त्याने मार्कसला व लुसियस व्हेरसला दत्तक घ्यावे. अँटोनायनस ७ मार्च १६१ रोजी वारला आणि मार्कस गादीवर आला. त्याने लगेच व्हेरसला बरोबरीचा सम्राट केले. सत्ता वाटून घेणारा राजा इतिहासात विरळा, हे आम्ही मान्य करतो.

त्याची कारकीर्द सुखाची नव्हती. पूर्वेला पार्थियनांशी युद्ध झाले. तिथून परतलेल्या फौजेबरोबर इ.स. १६५-१६६ च्या सुमारास एक भयंकर साथ आली आणि ती साम्राज्यभर पसरली. मग डॅन्यूब नदीच्या पलीकडून मार्कोमानी आणि इतर टोळ्यांनी धडक मारली. व्हेरस १६९ मध्ये मेला. पुढची बहुतेक वर्षे मार्कसने सीमेवरच्या छावण्यांमध्ये काढली. तिजोरी रिकामी झाली तेव्हा प्रजेवर नवा कर लादण्याऐवजी त्याने राजवाड्यातली सोन्याची भांडी, रेशमी वस्त्रे आणि जडजवाहीर ट्रेजनच्या चौकात लिलावात काढले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्या छावण्यांमधल्या रात्रींत त्याने स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहिली. तेच हे बारा भागांचे पुस्तक. १७ मार्च १८० रोजी मोहिमेवर असतानाच तो वारला.

इथपर्यंत कोणालाही हा माणूस आवडावा असाच आहे. ऐषआराम नाही, खुनशीपणा नाही. इ.स. १७५ मध्ये अव्हिडियस कॅसियस या सेनापतीने बंड केले आणि त्याच्याच माणसांनी त्याला मारले, तेव्हा मार्कसने सूडसत्र चालवले नाही. मग आमची तक्रार काय?

गुलामाचा शिष्य

मार्कसच्या चिंतनाचा सर्वांत मोठा झरा कोणता? तो राजवाड्यातला नव्हता. एपिक्टेटस नावाचा एक माणूस होता. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस गावी गुलामीतच तो जन्मला. नीरोच्या दरबारातला एपाफ्रोडायटस हा त्याचा धनी, आणि गंमत अशी की हा धनी स्वतःच पूर्वीचा गुलाम होता. एपिक्टेटस पायाने लंगडा होता. गुलामीतून सुटल्यावर तो तत्त्वज्ञान शिकवू लागला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हाकलले, तेव्हा त्याने ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिले नाही. त्याचा शिष्य एरियन याने त्याची प्रवचने लिहून ठेवली. ती प्रवचने जुनियस रस्टिकस या गुरूने तरुण मार्कसच्या हातात दिली आणि मार्कसने आपल्या टिपणांच्या पहिल्याच भागात त्याबद्दल रस्टिकसचे आभार मानले.

म्हणजे जगाच्या एवढ्या मोठ्या भागावर राज्य करणारा माणूस जन्माने गुलाम असलेल्या माणसाचा शिष्य होता! ज्ञान कोणाच्या जन्मावर अवलंबून नसते, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा? हे मोठेपण आम्ही मार्कसला देतो. ज्ञानाचा धनी कोण, हे पाहण्यासाठी त्याने जन्म तपासला नाही.

पण पुढचा प्रश्न टाळता येत नाही. गुलामाकडून शहाणपण घेणाऱ्या या शिष्याने गुलामांना काय दिले?

एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने पकडले

उत्तर रोमन कायद्याच्या ग्रंथांत लिहून ठेवलेले आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जुन्या कायद्यांचे जे संकलन करवून घेतले, त्यात मार्कसचे अनेक निर्णय आहेत. त्यांपैकी एक असा. कोणी मालक मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त करून मेला, पण त्याच्यावर कर्ज इतके की वारसा घ्यायला कोणी पुढेच येत नाही. अशा वेळी कायद्याने ते मृत्युपत्र निष्फळ ठरे आणि मुक्ती हवेत विरून जाई. मार्कसने निर्णय दिला की सावकारांना हमी देऊन त्या गुलामांपैकीच एखादा मालमत्ता ताब्यात घेऊ शकतो, पण दिलेली मुक्ती बुडता कामा नये. हा निर्णय खरोखर माणुसकीचा आहे.

आता त्याच ग्रंथातले दुसरे पान उलटा. पळून गेलेल्या गुलामांविषयीचा भाग आहे. मार्कसने सिनेटपुढे भाषण करून परवानगी दिली की पळालेल्या गुलामाचा शोध घेणाऱ्याला कोणाच्याही जमिनीवर शिरता येईल. सिनेटरांच्या जमिनीवर शिरता येईल, खुद्द सम्राटाच्याही शिरता येईल. शिवाय मार्कस आणि त्याचा मुलगा कमोडस यांच्या नावाने एक सार्वत्रिक पत्र निघाले. प्रांताचे अधिकारी, दंडाधिकारी आणि ठाण्यावरचे सैनिक यांनी पळालेले गुलाम शोधण्याच्या कामी मालकांना मदत केलीच पाहिजे, असा त्याचा आशय.

वाचकहो, हे दोन्ही निर्णय एकाच माणसाचे आहेत. मालकाने स्वखुशीने दिलेली मुक्ती हा राजा जपतो. गुलामाने स्वतःच्या पायांनी मिळवलेली मुक्ती मात्र तो हिसकावून घेतो, आणि त्यासाठी राज्याची सगळी यंत्रणा मालकाच्या दाराशी उभी करतो. वरून मिळाली तर ती दया, खालून घेतली तर तो गुन्हा! भल्या राजाच्या दयेची सीमा कुठे संपते, ते इथे नेमके दिसते.

इ.स. १७७ चीच आणखी एक गोष्ट पाहा. ग्लॅडिएटरांचे खेळ भरवणे प्रांतातल्या धनिकांना परवडेना, म्हणून सिनेटने त्यांच्या किमतींना मर्यादा घालणारा ठराव केला. त्याचा ब्राँझचा पत्रा स्पेनमधल्या इटालिका येथे सापडला. माणसांच्या रक्ताने माखलेला हा पैसा सरकारी तिजोरीत नको, म्हणून ग्लॅडिएटरांच्या व्यापारावरचा कर मार्कस व कमोडस यांनी सोडून दिला. म्हणजे पैसा घाणेरडा आहे हे राजाला कळत होते! पण खेळ बंद झाला नाही, उलट स्वस्त झाला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या लिऑ शहरात जमावाने आणि अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांना पकडले. सम्राटाकडे विचारणा गेली. जे आपला धर्म सोडणार नाहीत त्यांना ठार करा, असे उत्तर आले. ब्लांडिना नावाच्या एका गुलाम मुलीला रिंगणात हालहाल करून मारले गेले. तिच्या धीराची हकिकत युसेबियस या इतिहासकाराने जपलेल्या पत्रात आहे. मनाचा तोल ढळू न देण्याचे पाठ सम्राट छावणीत लिहीत होता. ते पाठ प्रत्यक्ष जगून दाखवणारी ही मुलगी त्याच्याच हुकमाने मेली. एपिक्टेटसची प्रवचने मार्कसला देणारा रस्टिकस पुढे रोमचा मुख्य अधिकारी झाला आणि त्याने जस्टिन व त्याच्या साथीदारांना मृत्युदंड दिला. त्या खटल्याच्या नोंदीप्रमाणे त्या साथीदारांत सम्राटाच्या घरचाच एक गुलाम होता.

'तो त्याच्या काळाचा होता'

यावर एक ठरलेले उत्तर येते. मार्कस त्याच्या काळाचे अपत्य होता, त्या काळी गुलामगिरी सर्वांनाच नैसर्गिक वाटे, आजच्या फूटपट्टीने त्याला मोजू नका, असे पंडित सांगतात. हे उत्तर आमच्या ओळखीचे आहे. आपल्याकडच्या प्रत्येक विषमतेच्या समर्थनासाठी ते वापरले गेले आहे. म्हणून ते तपासून घेऊ.

रोमन कायदेपंडित फ्लोरेंटिनस याने गुलामगिरीची व्याख्या करतानाच नमूद केले की ही गोष्ट निसर्गाच्या विरुद्ध आहे. तरी ती सर्व देशांच्या रूढीत आहे म्हणून कायद्याने चालते. मार्कसच्या आधी शतकभर अलेक्झांड्रियाच्या फिलोने अशा एका ज्यू पंथाचे वर्णन केले होते, जो गुलाम ठेवणे निसर्गविरोधी मानून ते टाळत असे. मार्कसचा दत्तक पिता अँटोनायनस याने आपलाच गुलाम विनाकारण मारणाऱ्या मालकालाही गुन्हेगार ठरवले होते. आणि स्वतः मार्कस? सर्व माणसांत एकच विवेक आहे, सर्व माणसे एकाच विश्वनगरीचे नागरिक आहेत, हे त्याच्याच टिपणांत पुन्हा पुन्हा येते. सर्वांना समान कायदा आणि बोलण्याची मोकळीक असलेल्या राज्याची कल्पना आपल्याला मिळाली, याबद्दल तो कृतज्ञताही व्यक्त करतो. तेव्हा 'त्याला माहीत नव्हते' हा बचाव टिकत नाही. माहीत होते. विचार तयार होता. तो कायद्यात उतरला नाही, एवढेच.

का उतरला नाही? कारण सरळ आहे. सिनेटरांची शेते आणि सरकारी खाणी गुलामांच्या घामावर चालत. सम्राटाचे घर गुलामांवर चाले. मुक्त होणाऱ्या गुलामाच्या किमतीवर पाच टक्के कर होता, म्हणजे मुक्तीतूनही तिजोरी भरे. युद्धांतून नवे कैदी येत. रोममध्ये मार्कसच्या विजयाचा उंच स्तंभ आजही उभा आहे. त्यावर जळणारी खेडी आणि फरपटत नेल्या जाणाऱ्या बायका व मुले कोरलेली आहेत. एवढ्या हितसंबंधांसमोर एका माणसाचे सद्गुण काय करणार?

इथे त्या तत्त्वज्ञानाचीही झडती घेतली पाहिजे. तू माझा पाय बांधशील, माझे मन बांधू शकणार नाहीस, अशा अर्थाचे एपिक्टेटस बोलतो तेव्हा ते गुलामाचे चिलखत असते. मालकाला दिलेले ते आव्हान असते. तोच विचार सिंहासनावर बसलेल्या माणसाच्या तोंडी आला की त्याचा अर्थ उलटतो. खरे स्वातंत्र्य मनातच असेल तर पायातल्या बेड्यांकडे पाहण्याची राजाला गरज काय? म्हणून आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. हे पुस्तक जरूर वाचा, अपयशात मन खंबीर ठेवायला ते उपयोगी पडेल. पण जे आपल्या हातात नाही त्याची चिंता करू नका, हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवले तर आधी विचारा, ते आपल्या हातात का नाही आणि ते कोणाच्या हातात आहे?

गादीचा प्रश्न

आता शेवटचा हिशेब. २००० साली 'ग्लॅडिएटर' हा इंग्रजी चित्रपट गाजला. त्यात वृद्ध मार्कस आपल्या मुलाला डावलून रोमची सत्ता पुन्हा लोकांकडे सोपवू पाहतो आणि मुलगा त्याचा खून करतो. चित्रपट म्हणून ठीक आहे. इतिहास नेमका उलटा आहे. मार्कसने इ.स. १७७ मध्येच कमोडसला, सोळाव्या वर्षाच्या आत, बरोबरीचा सम्राट केले. त्याच्या आधी नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस या चौघांनी एकामागून एक आपला वारस दत्तकविधानाने निवडला होता. इतिहासकार याला योग्य माणूस निवडण्याची थोर परंपरा म्हणतात. पण त्या चौघांनाही वारस होईल असा मुलगा हयात नव्हता! मार्कसला होता, आणि परंपरा एका दिवसात संपली. जी गोष्ट नियमात बांधलेली नाही ती परंपरा नसते, तो योगायोग असतो.

परिणाम काय झाला? कमोडस रिंगणात उतरून ग्लॅडिएटरांशी लढू लागला, रोमला त्याने स्वतःचे नाव दिले, आणि ३१ डिसेंबर १९२ रोजी त्याचा खून झाला. त्याच्यानंतर पर्टिनॅक्स सम्राट झाला. हा पर्टिनॅक्स मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा होता आणि मार्कसच्या फौजेत कर्तबगारीवर वर चढला होता. त्याने लष्कराला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. तीन महिन्यांच्या आत अंगरक्षक सैनिकांनी त्याला ठार केले आणि साम्राज्याची गादी चक्क लिलावात काढली. बापाने राजवाड्यातली भांडी लिलावात विकली ती प्रजेसाठी. त्याने सत्ता मात्र कोणत्याही नियमात बांधली नाही, म्हणून तेरा वर्षांत सत्तेचाच लिलाव झाला!

बाबासाहेबांनी रोमचा इतिहास बारकाईने वाचला होता. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये त्यांनी रोममधल्या सामान्य प्लेबियनांचे उदाहरण घेऊन धर्मश्रद्धा राजकीय हक्क कसे पोकळ करते ते दाखवले. रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलनाही त्यांनी केली. ते लेखन त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. रोमन गुलामाला विद्या शिकता येई, हुन्नर करता येई, मुक्त होऊन नागरिक होता येई. अस्पृश्यतेतून बाहेर पडण्याचे दारच नव्हते, हा त्यांचा मुद्दा. पर्टिनॅक्सची कथा त्याची साक्ष देते. म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण एक धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की राजकारणातली व्यक्तिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्यांनी आम्हाला भला राजा शोधायला सांगितले नाही. कलम, न्यायालय, मतपेटी आणि संघटना यांत बांधलेला हक्क त्यांनी हातात दिला. धनी चांगला असो की वाईट, तो हक्क आपल्याकडेच राहतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा तो ग्रंथ कोणा दयाळू राजाच्या चरणी ठेवला नाही. निग्रोंच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना तो अर्पण केला.

आता स्वतःकडेही पाहू. प्रत्येक गटाला एक मोठा नेता, प्रत्येक नेत्याला एक गादी आणि प्रत्येक गादीला एक वारस, हे चित्र आमच्या चळवळीत नाही असे छातीठोकपणे कोण सांगेल? आमचा नेता स्वभावाने चांगला आहे, एवढ्यावर आम्ही समाधानी असतो. संघटनेची घटना काय आहे, निवडणूक कधी झाली, हिशेब कोणापुढे मांडला गेला, हे आम्ही विचारत नाही. स्वभावाने मार्कसपेक्षा चांगला नेता मिळणे कठीण. त्याच्यानंतर काय झाले ते वर लिहिले आहे.

रोमच्या कॅपिटोल टेकडीवर मार्कसचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा होता. तो १५३८ मध्ये तिथे आणला गेला. आता मूळ पुतळा संग्रहालयात आहे आणि चौकात प्रतिकृती. जुन्या सम्राटांचे बहुतेक ब्राँझचे पुतळे मध्ययुगात वितळवले गेले. हा वाचला, कारण लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. आज इटलीच्या पन्नास सेंटच्या नाण्यावर तोच घोडेस्वार आहे. पुतळा टिकतो, नाणे चालते, सुभाषिते फिरतात. ज्या गुलामांचा माग काढण्यासाठी सैनिक शेताशेतांत शिरले, त्यांची नावे मात्र कोणत्याही नाण्यावर नाहीत. इतिहास वाचताना आपण त्या पळणाऱ्या माणसाच्या बाजूने उभे राहायचे. राजा कितीही भला असला, तरी!